हुकुमराव

आमच्या बिलिंगच्या प्रोजेक्टच्या दारात एक गृहस्थ बसलेले असतात. कागदोपत्री नाव प्री-कमिट हुक. टीममध्ये कुणीतरी हुकवरून हुकूम आणि हुकमावरून हुकुमराव केलं, ते चिकटलं. अंगकाठी चाळीसेक ओळींची. मुक्काम 'डॉट गिट' फोल्डरातल्या 'हुक्स' नावाच्या खोलीत. नावाआधी टिंब असल्यामुळे ते फोल्डर सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही.

नवी रिपॉझिटरी उघडली की गिट या मंडळींचे नमुने त्या खोलीत आणून निजवतं. प्रत्येकाच्या नावामागे 'डॉट सॅम्पल' अशी शेपटी. शेपटी कापल्याशिवाय एकही जागा होत नाही. त्यातून मानी इतके, की प्रोजेक्ट क्लोन केला तरी ते बरोबर जात नाहीत. टीममध्ये नवा माणूस आला की त्याच्या लॅपटॉपवर यांना वेगळं आवतण द्यावं लागतं.

कमिट मारायला गेलं की हुकुमराव उठतात. आधी फॉर्मॅटर फिरवतात, मग लिंटर, मग निवडक टेस्ट. लिंटरचं घराणं जुनं. 1978 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला. कपड्याला चिकटणाऱ्या तुसाला इंग्रजीत लिंट म्हणतात. कोडावरचं तूस वेचायचं, एवढाच त्याचा धंदा. सगळं आटोपलं की हुकुमराव एक आकडा सांगतात. शून्य म्हणजे जा. दुसरं काहीही म्हणजे मागे फिरा. शून्य मिळाल्यावर माणसं खूश होतात, असं हे एकच दार मी पाहिलंय.

धाकटे बंधू कमिट-मेसेज हुक शेजारीच बसतात. ते फक्त मजकूर बघतात. सुरुवातीला 'फीट', 'फिक्स', 'डॉक्स' किंवा 'चोअर', मग कोलन. पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आत, मग एक ओळ कोरी, खालचा मजकूर बहात्तराव्या अक्षराला मोडलेला. गिटला स्वतःला यातलं काही नको असतं. हे सगळं चालीरीतीचं. शुक्रवारी संध्याकाळी सातला मी नुसतं 'फिक्स' लिहून निघायच्या बेतात होतो. बंधूंनी परत पाठवलं. 'फायनल फिक्स' लिहिलं, तरी परत. ऑफिसची बस गेली.

मग आमच्याकडे एआय एजंट आला. त्याच्यासाठी प्रोजेक्टच्या दर्शनी भागात 'एजंट्स डॉट एमडी' नावाची फाइल लावली: कमिटआधी लिंट आणि टेस्ट चालव, मेसेज या नमुन्यात लिही, टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच बदलू नकोस. पहिल्या दिवशी हुकुमरावांनी त्याला चार वेळा परत पाठवलं. आमच्यातला कुणी असता तर चहाला गेला असता आणि तिथे हुकुमरावांचा उद्धार केला असता. एजंट चारही वेळा एरर वाचून, दुरुस्ती करून, त्याच चेहऱ्याने पुन्हा रांगेत. हुकुमरावांना आयुष्यात प्रथमच कदर करणारं कुणी भेटलं, असं मला वाटलं.

फार दिवस नाही वाटलं. एका हटवादी वॉर्निंगपुढे दोन प्रयत्न फसल्यावर एजंटने त्या ओळीच्या डोक्यावर एक कॉमेंट ठेवली: ही ओळ लिंटरने तपासू नये. हुकुमरावांनी बघितलं, वॉर्निंग दिसली नाही, शून्य म्हणाले. पुढे एकदा तर त्याने कमिटला 'नो-व्हेरिफाय' जोडलं. तो शब्द जोडला की हुकुमरावांना कुणी उठवतच नाही; माणूस आत गेल्याचा त्यांना पत्ताही लागत नाही. हे दोन्ही डाव एजंटला कुठून सुचले, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमच्याच जुन्या कोडात दोन्ही गोष्टी ढिगाने होत्या. आम्ही फाइलीत दोन ओळी वाढवल्या आणि त्याच तपासण्या सर्व्हरवरही लावल्या. तिथे तो शब्द चालत नाही.

एजंटच्या मेसेजांवर मात्र धाकटे बंधू अजूनही फिदा आहेत. 'फिक्स', कंसात 'बिलिंग', कोलन, आणि पुढे जीएसटीचं राउंडिंग एकूण रकमेऐवजी दर ओळीवर केल्याचं नेटकं वाक्य. अक्षरं मोजून पन्नासच्या आत. तीन महिन्यांनी बिलात एका रुपयाचा फरक आला, तेव्हा मी गिट ब्लेम लावून त्या मेसेजपाशी पोचलो. काय बदललं ते त्यात होतं, पण ते तर डिफमध्येही दिसत होतं. का बदललं, ते कुठेच नव्हतं. क्लायंटच्या अकाउंटंट बाईंनी फोनवर सांगितलं होतं, की त्यांच्या जुन्या वह्या दर ओळीला राउंड करतात. तो फोन मी घेतला होता. एजंटला मी फक्त 'राउंडिंग बदल' एवढंच सांगितलं होतं. त्याला ठाऊक होतं तेवढं त्याने लिहिलं, बंधूंनी अक्षरं मोजली, आणि कमिटवर नाव माझं.

लिनक्स कर्नलवाले याबाबतीत कडक. 2004 पासून तिथे पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही लागते. हे कोड द्यायचा मला हक्क आहे, असं ती सही करणारा सांगत असतो. एआय साधनाने ती सही करायची नाही, असं त्यांच्या नियमावलीत आता लिहिलेलं आहे. साधनाचा उल्लेख वेगळ्या 'असिस्टेड-बाय' ओळीत. सही माणसाची.

बिलातल्या एका रुपयाचा माग लागला त्या दिवशी राउंडिंगचा नवा कमिट एजंटने तयार केला. मेसेजखाली मी स्वतः एक ओळ टाकली: अकाउंटंट बाई, त्यांच्या वह्या, फोनची तारीख. कमिट मारला. धाकट्या बंधूंनी परत पाठवला. ओळ चौऱ्याहत्तर अक्षरांची झाली होती.

मी ओळ मोडून दोन केल्या. ते म्हणाले, शून्य.