डोंगर तोच, दार कुठलं?

वीकेंडला ट्रेक म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. कुठला किल्ला? त्यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा रंगते, फोटो टाकले जातात, कुणीतरी ‘तो झालाय माझा’ म्हणून नाक मुरडतं आणि शेवटी एक नाव फायनल होतं. मग गाडी कुणाची, टेंट कुणाकडे, मॅगी किती पाकिटं... या सगळ्या धांदलीत एक प्रश्न कुणी विचारतच नाही. चढायचं कुठून?

ते काम आपण मोबाईलमधल्या मॅपवर सोडून दिलेलं असतं. तो म्हणेल त्या गावात गाडी लावायची, वर जायचं, फोटो काढायचे आणि त्याच वाटेने खाली. चूक काहीच नाही त्यात. फक्त डोंगराची एकच बाजू बघून आपण घरी येतो!

नाशिकच्या उत्तरेला पसरलेली सातमाळा रांग घ्या. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई आणि शेवटी चांदवड. पश्चिमेकडून पूर्वेकडे एकापुढे एक किल्ले, जणू कुणी ओळीने मांडून ठेवलेत. रांगेच्या दक्षिणेला वणी, दिंडोरी आणि मुंबई-आग्रा महामार्ग. उत्तरेला गिरणा नदी आणि तिच्या काठचं कळवण. आपण शहरातली मंडळी बहुतेक वेळा दक्षिणेकडूनच येतो. का? हायवे तिकडे आहे म्हणून. बाकी कारण काही नाही.

पण एकदा कळवणकडून आत शिरून बघा. डोंगर तोच असतो, ट्रिप मात्र पूर्ण वेगळी होते.

आधी दार, मग वाट

अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत ‘बाउंड्री वॉटर्स’ नावाचं एक राखीव जंगल आहे. दहा लाख एकरांहून मोठं, त्यात हजाराहून जास्त तलाव. लोक तिथे कनू नावाची लांबट होडी घेऊन जातात, वल्हवत वल्हवत तलाव ओलांडतात आणि मध्ये जमीन आली की होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तलावापर्यंत चालतात. गंमत म्हणजे तिथे मुक्कामाला जायचं तर ‘कुठे जाणार?’ याआधी ‘कुठून शिरणार?’ ते सांगावं लागतं. 1 मे ते 30 सप्टेंबर या सीझनमध्ये प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीकच ग्रुप आत सोडतात, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 9 जण. दार आणि तारीख परमिटवर पक्की असते. आत गेल्यावर तुमची वाट तुम्ही ठरवा.

त्यामुळे तिथल्या लोकांना प्लॅनिंगची एक छान सवय लागलीये. आपल्याला किती दिवस आहेत, रोज किती अंतर झेपेल, पाठीवर किती ओझं घेऊन चालता येईल आणि बाहेर कुठे पडायचं, याचा हिशेब आधी. मग दार. सातमाळ्यावर असं परमिट कुणी मागत नाही. म्हणूनच तो हिशेब आपला आपण करायला हवा.

गाडी घरी ठेवा!

थोडं जड जाईल, पण पहिला सल्ला हाच. स्वतःची गाडी नेली की ट्रिप तिथेच ठरून जाते. जिथे गाडी लावली तिथे परत यावंच लागतं. म्हणजे गेलात त्याच वाटेने खाली किंवा लांब फेरा. एसटीने गेलात तर एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं. म्हणजे रांग ‘ओलांडता’ येते.

आणि ही रांग ओलांडण्यात एक वेगळीच मजा आहे. सातमाळा हा मोठा पाणलोट आहे. धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेत जातो, गिरणा मालेगाववरून पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. दक्षिणेला पडलेला थेंब गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो आणि देश पार करून बंगालच्या उपसागराला पोचतो. धारेवर उभं राहून दोन्ही बाजूला बघा. दोन समुद्रांच्या मध्ये उभे असता तुम्ही! ऑफिसच्या सातव्या मजल्यावरून असा व्ह्यू मिळणार नाही.

भाषाही बदलते. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून या मुलखाला ‘कसमादे’ म्हणतात. इथे कानावर अहिराणी पडते, डोंगराकडच्या पाड्यांवर कोकणी आदिवासींची बोली आणि ताटात झणझणीत शेवभाजी. हायवेवरच्या ढाब्यातून डोंगराला भिडणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही.

तीन दारं

कळवण नाशिकपासून साधारण 80 किलोमीटर. एसटीचं आगार आहे, म्हणजे गाड्यांची चौकशी एकाच जागी होते. इथून आत शिरायचे तीन सोपे पर्याय आहेत.

पहिलं दार, आठंबे-सादडविहीर. नांदुरीकडून अभोण्याकडे जाताना आठंबे लागतं, तिथून फाटा फुटून सादडविहीर. वर कण्हेरगड. सभासदाच्या बखरीत ज्या रामजी पांगेऱ्याची गोष्ट येते, सातशे मावळे घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडलेला, तो याच गडाच्या पायथ्याशी लढला असं मानतात. गड छोटा आहे, डोंगराला आरपार भोक म्हणजे ‘नेढं’ आहे आणि गर्दी नाही. अर्ध्या दिवसाचं काम. ग्रुपमध्ये पहिल्यांदाच ट्रेक करणारे असतील तर इथून सुरुवात करा.

दुसरं दार, मुळाणे बारी. बारी म्हणजे खिंड, या भागातला खास शब्द. वणी आणि कळवण यांच्यामधल्या या खिंडीत उतरलात की एका हाताला मार्कंड्या आणि दुसऱ्या हाताला रावळ्या-जावळ्या ही जोडी. मार्कंडेय ऋषींनी समोरच्या सप्तशृंगीला इथून सप्तशती ऐकवली आणि ती ऐकण्यासाठी देवीने मान तिरकी केली, अशी कथा घरोघरी सांगतात. इथे निम्मी चढण गाडीनेच झालेली असते, त्यामुळे एका दिवसात एक बाजू आरामात होते. पण खिंडीतून चढून रांगेने थेट धोडपपर्यंत जायचा मोह झाला तर जरा थांबा. ती पूर्ण दिवसाची दमवणारी चाल आहे, पाठीवर सगळं पाणी घेऊन. हातात तीन दिवस आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस, तरच.

तिसरं दार, ओतूर. हे जुन्नरचं ओतूर नव्हे बरं का, कळवण तालुक्यातलं. इथून धोडपची उत्तरेची वाट. धोडप 1472 मीटर उंच, त्याची कातळभिंत आणि तिच्यातली खाच लांबूनही ओळखू येते. बहुतेक ट्रेकर दक्षिणेच्या हट्टी गावातून येतात, कारण तिकडची वाट मळलेली आहे. म्हणूनच ओतूरकडून चढून हट्टीला उतरणं शहाणपणाचं. अनोळखी वाट सकाळी, ताज्या पायांनी, गावातला वाटाड्या घेऊन. ठळक वाट दुसऱ्या दिवशी, दमलेल्या पायांनी. उलटं केलंत तर उतरताना फुटवे कळत नाहीत आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

दोनच दिवस हातात असणाऱ्या नोकरदारांसाठी माझं मत या तिसऱ्या दाराला. शुक्रवारी रात्री कळवण, शनिवारी ओतूरहून धोडप, गडावरच्या देवीच्या गुहेत मुक्काम, रविवारी हट्टी-धोडांबेमार्गे वडाळीभोईला म्हणजे थेट हायवेवर. सोमवारी सकाळी मीटिंगला हजर!

पाणी सांगेल ते खरं

दार निवडताना सौंदर्य, इतिहास, फोटो सगळं ठीक. शेवटचा शब्द मात्र पाण्याचा. धोडपवर गुहेजवळ टाकं आहे, म्हणून तिथे मुक्काम जमतो. मधल्या धारेवर असा भरवसा धरू नका. ऑक्टोबर ते जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारी सरला की टाक्यांची पातळी उतरते, गवत वाळतं, वाटा दिसेनाशा होतात आणि बोडक्या धारेवर सावलीला एक झाड मिळत नाही. मार्चनंतर लांबच्या वाटेचा हट्ट नको, कण्हेरगड पहाटे करून नाश्त्याला परत या. जोरदार पावसात या कातळावर वाट शोधणं हा धाडसाचा नाही, मूर्खपणाचा भाग आहे.

हे लेक्चर वाटेल, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री डोंगरात कुणी अडकलं तर पहिल्यांदा वर जातात ती पायथ्याच्या गावातली माणसं. बॅटरी घेऊन, दिवसभर कांद्याच्या शेतात राबून आलेली. आपल्या हौसेची किंमत त्यांनी का मोजायची? म्हणून सकाळी निघताना गावात सांगून जा. किती जण आहोत, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत. डोंगरातलं परमिट म्हणायचं तर हेच.

वाटा निवडणारे जुने लोक

वाट निवडणं हा इथला जुनाच उद्योग. 1636 मध्ये शाहजहानचा सरदार अलावर्दीखान याने या रांगेतले किल्ले एकामागून एक घेतले, त्याचा फारसी शिलालेख इंद्राईवर आहे. 1768 मध्ये धोडपच्या परिसरात माधवराव पेशव्यांनी बंडावर उतरलेल्या राघोबादादांना हरवलं आणि पुण्यात आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. 1818 मध्ये इंग्रज आले आणि या भागातल्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या त्यांनी फोडून टाकल्या. म्हणून जुन्या नकाशावरचा ‘राजमार्ग’ आज चालेलच असं नाही. गुराख्यांची वाट जास्त खरी.

आणि सगळ्यात मुरलेले वाटसरू कोण? चैत्रात खान्देशातून सप्तशृंगीला पायी येणारे भाविक. नांदुरीहून गडावर घाटरस्ता आहे, 2018 पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीसुद्धा आहे. तरी ही माणसं भर उन्हात शेकडो किलोमीटर चालत येतात. कुठे थांबायचं, पाणी कुठे मिळेल, ऊन कुठे चुकवायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रेकिंगचं पुस्तक न वाचता!

उत्तरेला, कळवणच्या पलीकडे, साल्हेर उभा आहे. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांत तो युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे साल्हेरचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. साल्हेर बघाच. पण तिकडे जाताना कळवणच्या स्टँडवर चहा घ्याल तेव्हा एकदा दक्षिणेकडे वळून बघा. समोरची अख्खी रांग दिसेल. आणि चहावाल्याने ‘कुठे चाललात?’ विचारलं, तर किल्ल्याचं नाव नंतर सांगा. आधी विचारा, ‘इथून वर जायला सोपं कुठून, आणि उतरू कुठे?’

निघण्याआधी

• कसं जाल : नाशिकहून दिंडोरी-वणी-नांदुरीमार्गे कळवण. पुढच्या गावांच्या एसटीच्या वेळा कळवण आगारात आदल्या दिवशी विचारून घ्या.

• पाणी : लांबच्या वाटेला माणशी किमान 4 लिटर.

• वाटाड्या : ओतूर आणि मुळाण्याकडच्या वाटांसाठी गावातूनच घ्या. मोबदला आधी ठरवा, घासाघीस नको.

• मार्गशीर्षात या भागात आदिवासींचा डोंगऱ्यादेव उत्सव असतो. गुहेपाशी पूजा चालू असेल तर दुरून नमस्कार करा, कॅमेरा सॅकमध्ये.

• कचरा : वर नेलेलं प्रत्येक पाकीट खाली. ते दुसऱ्या बाजूला उतरलं तरी चालेल!