अकरा घरांच्या किल्ल्या

आंबवड्यात गाडी दारात उभी राहिली तेव्हा पहिला प्रश्न आला, "घेतली का?" आणि लगेच दुसरा, "पण पाटी काळी कशी?"

काळ्या पाटीवर पिवळा नंबर म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी, हे त्याने दोन-तीनदा समजावून सांगितलं. चार दिवसांचं भाडं आगाऊ, अनामत वेगळी, पेट्रोल आपलं. पुण्यात गाडी ताब्यात घेताना त्याने चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवला होता, जुने ओरखडे नंतर आपल्या नावावर पडू नयेत म्हणून. वडील ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. गर्दी पांगल्यावर ते म्हणाले, "समुद्र बघायला चाललाय, का देश सोडायची तयारी करायला?"

"दोन्ही, दादा," तो म्हणाला.

भोरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. नागेश्वराचं देऊळ, ओढ्यावरचा संस्थानकाळातला झुलता पूल आणि आजूबाजूला भातखाचरं. तो शिरवळच्या एका कारखान्यात कामाला. त्याची बायको पुण्यातल्या रुग्णालयात नऊ वर्षं परिचारिका. दोघं मुलीला घेऊन कात्रजला भाड्याच्या घरात राहतात आणि आई-दादा गावी दोन एकर भात सांभाळतात. पुणे जिल्ह्यातल्या हजारो घरांसारखंच हे घर. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तिच्या रुग्णालयात दुसरं बोलणंच उरलं नाही. तिने ड्यूटी सांभाळून जर्मनची शिकवणी लावली. करार दक्षिणेतल्या राज्याशी होता, तिला मुलाखतीनंतर होकार आला तो मात्र थेट उत्तरेकडून, कुक्सहाफेनहून. एल्ब नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे किनाऱ्यावरचं गाव. भाषेची परीक्षा पास झाली तर जागा पक्की.

दोघांचाही जन्म घाटावरचा. समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत आणि लग्नानंतर एकदा अलिबागला. किनाऱ्यावरच्या लहान गावात बारा महिने राहणं म्हणजे काय, याची त्यांना कल्पनाच नव्हती. म्हणून फेब्रुवारीतले चार दिवस काढून, मुलीला आजी-आजोबांकडे ठेवून, कोकणची किनाऱ्यावरची गावं एकामागून एक बघायची असं ठरलं. त्या चार दिवसांची ही हकीकत, त्यांनी सांगितली तशी.

सकाळी सहाला निघून त्यांनी वरंध घाट धरला. निरा देवघर धरणाच्या पाण्याची बराच वेळ सोबत असते. या धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं दुसरीकडे जाऊन राहिली. त्याच्या आधी ब्रिटिश काळातल्या भाटघरनेही तेच केलं होतं. गाव सोडणं भोर तालुक्याला ठाऊक आहे, फक्त तिथे ठरवणारे दुसरे होते. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ त्यांनी गरम भजी खाल्ली आणि वळणं मोजत महाडला उतरले.

दुपारच्या सुमाराला हरिहरेश्वर. देवळामागून प्रदक्षिणेची वाट खाली समुद्राच्या खडकांवर उतरते. पायऱ्यांपाशी फुलं विकणाऱ्या बाईंनी दोघांना थांबवलं. "आज तिथी कोणती?" त्यांनीच विचारलं आणि उत्तरही दिलं, "अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, म्हणजे बाराला ओहोटी. आत्ता जा, पण तासाभरात वर या."

तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. तो हिशोब न मानता इथे खडकावर उतरलेल्या पर्यटकांना लाटांनी ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिला लगेच कुक्सहाफेन आठवलं. तिथे ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटतो, चिखलाची पठारं उघडी पडतात आणि माणसं चालत किंवा घोडागाडीतून जवळपास दहा किलोमीटरवरच्या नॉयवेर्क बेटावर जातात. तिथेही भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय कुणी पाय टाकत नाही. हा किनारा २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. "तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी मी वेळापत्रकच मागणार," ती म्हणाली. परका देश तिला त्या क्षणी थोडा ओळखीचा वाटला.

मुक्काम श्रीवर्धनला. भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचं झाड फळायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे वादळानंतर लावलेली रोपं आत्ता कुठे आकाराला येत होती. वाडीचे मालक नव्या रोपांच्या रांगेतून त्यांना फिरवत म्हणाले, "वादळानंतर निम्मी मंडळी म्हणाली विकून टाकू. आम्ही लावली."

या किनाऱ्याला परदेश नवा नाही, हे जेवताना कळत गेलं. शेजारचं दिवेआगर घ्या. तिथून निघालेलं दिवेकर हे आडनाव बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांतही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिथे मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिकही चालवू लागली. कोकणी मुसलमान घरं त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, केपटाऊनला पोचली. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाताची वाट मोठी झाली. आणि मुंबईचा चाकरमानी तर प्रत्येक घरात.

या जाण्याचा आकडा जनगणनेत दिसतो. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये जवळपास १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे तिथे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुष बाहेर होते.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या जेट्टीवर त्याची परीक्षा झाली. फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प पाण्यात टेकलेला, त्यावर शेवाळं, आणि भाड्याची गाडी. बोटीवरचा पोरगा हाताने "या, या, डावीकडे, बस!" म्हणत राहिला आणि गाडी आत बसली. दहा-पंधरा मिनिटांत बाणकोटच्या खाडीचं पाणी ओलांडून वेसवीला उतरलं की जिल्हा बदलतो. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. गाडी हाताशी असल्याचा फायदा इथे कळला. जिथे चार घरं उघडी दिसली तिथे थांबता आलं, जिथे दहा बंद दिसली तिथेही.

संध्याकाळी ते मुरुडला पोचले. दापोली तालुक्यातलं हे मुरुड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. शिकायची संधी मिळावी म्हणून कोवळ्या वयात ते इथून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परत पाठवण्यात आलं. पुढे त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. गाव सोडल्याशिवाय हे झालं नसतं, ही गोष्ट तिने मनात नोंदवून ठेवली.

उतरले ते एका आजींच्या घरी. लाल चिऱ्याचं घर, पुढे ओटी, मागे नारळ-पोफळीची वाडी. वय पंचाहत्तरच्या पुढे. ओटीच्या भिंतीवर एक फळी ठोकलेली आणि तिच्यावर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला किल्ली, किल्लीला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, तुकड्यावर आडनाव. तिने मोजल्या. अकरा.

"आळीतली बंद घरं," आजी म्हणाल्या. "ठाणे, पुणे, दुबई, अमेरिका. दर आठवड्याला एक फेरी मारते. खिडक्या उघडते, वाळवी बघते, दिवे लावून बघते. खाऱ्या हवेने कुलपं गंजतात, म्हणून किल्ली फिरवून थेंबभर खोबरेल घालते. गणपतीच्या आधी झाडलोट. मग दहा दिवस आळी भरते, आणि परत मी."

रात्री जेवण झाल्यावर आजींना गरगरल्यासारखं झालं. तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र नेहमी असतं. १८० वर १००. गोळी कधी घेतली होती? संपून चार दिवस झाले होते. दापोलीला जाणारं कुणी मिळालं नव्हतं. त्याने गाडी काढली, दापोलीहून गोळ्या आणल्या, ती तासभर आजींजवळ बसून राहिली.

सकाळी सातला ओटीवर माणसं जमली होती. बातमी आळीत फिरली होती. कुणी काठी टेकत आलं, कुणी शेजारणीचा हात धरून. तिने चटईवर बसून एकेकाचा रक्तदाब घेतला, गोळ्यांची पाकिटं तपासली, दोघांना आजच डॉक्टरकडे जायला सांगितलं. नऊ माणसं. सत्तरीच्या आतलं एकही नाही.

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, जर्मनीला नर्स का हव्यात? तिथली माणसं म्हातारी झालीत आणि बघायला कुणी नाही. म्हणजे मी तिथल्या आजींचा हात धरायला जाणार. आणि आंबवड्यात दादांचा कोण धरणार?"

निघताना आजी तिला एवढंच म्हणाल्या होत्या, "अगो, जायला माझी ना नाही. माझा धाकटा अमेरिकेला गेला तेव्हा लाडू मीच बांधून दिले. पण या अकरांतल्या एकानेही किल्ली देताना विचारलं नाही, आजी, तुला जमेल ना? सगळे धरून चालले."

पुढचा टप्पा दाभोळ, बहामनी काळातलं मोठं बंदर. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन प्रवासी अफनासी निकितीन इथूनच जहाजात चढला. आता इथून धोपाव्याला फेरीबोट सुटते. २००३ मध्ये कोकणातली ही पहिली गाड्या नेणारी फेरी सुरू झाली. रांगेत पुढच्या गाडीतले एक चाचा गप्पांना आले. सत्तावीस वर्षं कुवेतला काढलेली. "पैसा मिळाला, घर झालं, मुलांची शिक्षणं झाली," ते म्हणाले. "पण आई गेली तेव्हा रजा मिळाली नाही. तुम्हाला तिकडे बायका-मुलं नेता येतात, ते मोठं सुख. जाण्याआधी एक करा. मागे जे राहणार त्यांच्यासमोर बसून सगळं ठरवा. आम्ही ठरवलं ते दोघा भावांनी, फोनवर."

तिसरा मुक्काम गुहागरला. लांबच लांब वाळू, मागे सुरूची झाडं. इथे वनखात्याच्या कुंपणात कासवांची अंडी जपलेली होती. ऑलिव्ह रिडले मादी जिथे जन्मते त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, असं सगळीकडे सांगितलं जातं. तिथल्या राखणदाराने त्यांना एक वेगळी गोष्ट सांगितली. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये इथे, गुहागरला, अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास, पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर. म्हणजे एकच मादी दोन्ही किनारे वापरते, हे त्या बिल्ल्यामुळे कळलं. तो कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला. जायचं की राहायचं, हे दोनच पर्याय धरून आपण निघालो होतो, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, सातारा, शिरवळ करत ते गावी आले. गाडीतली वाळू झाडून काढली, नवा ओरखडा नव्हता. रात्री जेवणानंतर ते आई-दादांसमोर बसले. शेजारच्या घरातून चुलतभाऊ आणि त्याची बायको यांनाही बोलावलं होतं. बोलणं साडेअकरापर्यंत चाललं.

आई मध्येच म्हणाली, "आम्ही काय उद्या मरतोय का?" दादा मात्र एकेक मुद्दा ऐकत होते. शेत चुलतभावाने अर्धेलीने करायचं. रात्री-अपरात्री भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायला गावातली कुठली गाडी, तिचा नंबर दारामागे. औषधांचे आणि चुलतभावाच्या बायकोच्या वेळेचे पैसे दर महिन्याला, उपकार म्हणून नाही, कामाचे म्हणून. आधी ती एकटी जाणार, तो आणि मुलगी वर्षभर इथेच. तिकडे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेसाठी सहसा जर्मनची बी-२ पातळी लागते, ती होईपर्यंत त्याने नोकरी सोडायची नाही. त्याचा इथला वाहन परवाना तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतो, त्यामुळे तिथली परीक्षाही त्याला द्यावी लागेल. आणि दोन वर्षांनी सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसायचं, इथेच, याच ओट्यावर.

"आणि तेव्हा मी नको म्हणालो तर?" दादांनी विचारलं.

"तर परत येऊ," ती म्हणाली.

मुरुडच्या आजींना ती आता दर रविवारी फोन करते. गोळ्या संपायच्या आत दापोलीहून आणायचं काम आळीतल्या एका रिक्षावाल्याने घेतलं आहे. त्याचे पैसे अकरा घरांनी वाटून घ्यावेत म्हणून तिने आजींकडून नंबर घेतले आणि प्रत्येकाला फोन केला. आठांनी लगेच होकार दिला.

तिची बी-१ परीक्षा मे महिन्यात आहे. आंबवड्याच्या घरात दारामागे रक्तदाबाचं यंत्र टांगलं आहे आणि शेजारी दोरीने बांधलेली वही. पहिली नोंद चुलतजावेच्या हातची आहे: दादा, १४८/९०, सकाळी आठ.