कंपनीचा नंबर

आजोबा लढाईवर होते, एवढंच बहुतेक घरांत माहीत असतं. कुठे? तर मिसरात. कुठल्या पलटणीत? तर खडकीच्या. एवढ्याच शिदोरीवर लोक माझ्याकडे येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांचे कागद वाचण्याचं हे काम मी माझ्याच आजोबांचा माग काढताना शिकलो. ते रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २१ फील्ड कंपनीत सॅपर होते.

खडकीचं नाव निघालं की निम्मी वाट सापडते, कारण बॉम्बे सॅपर्सचं केंद्र तिथलंच. पुढचं पदकाची फीत सांगते. वाळूच्या रंगावर मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन बाजूंना गडद व फिकट निळी रेघ असेल, तर तो आफ्रिका स्टार; म्हणजे माणूस १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात कधीतरी त्या आघाडीवर होता. हिरवा, पांढरा, लाल दिसला की इटली. मग डिस्चार्जचा कागद उलगडायचा, घड्यांवर फाटलेला. त्यात मी आधी कंपनीचा नंबर बघतो. युद्धावरची प्रत्येक तुकडी वॉर डायरी ठेवायची: जागा, तारीख, वेळ, घडामोड. त्यांतल्या कितीतरी आज लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. साध्या सॅपरचं नाव त्यांत क्वचितच येतं. त्याच्यापर्यंत पोचायचं ते कंपनीच्या वाटेने.

आजोबांच्या कंपनीची वाट सुदानच्या सीमेवर जाते. जानेवारी १९४१ च्या अखेरीस इटालियन फौज मेतेम्माहून गोंदरकडे हटली आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत गेली. पाठलागाच्या तोंडाशी होते सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत आणि त्यांचे सॅपर. चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, ५५ मैलांत सुरुंगांची १५ क्षेत्रं त्यांनी साफ केली. दोनदा भगतांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या युद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

इथे प्रत्येक नातवाला मोह होतो, आपले आजोबा भगतांच्या शेजारीच होते असं म्हणण्याचा. तो आवरावा. कंपनी तिथे होती आणि आजोबा कंपनीत होते. कागद इथवर आणून सोडतो. पुढे त्यांचं काम समजून घ्यायचं.

हाताने सुरुंग काढायचा म्हणजे आधी जमीन वाचायची. नुकती उकरलेली माती रंगाने वेगळी दिसते. मग पालथं पडून संगीन तिरकी खुपसत जायचं. सरळ दाबली तर तोच दाब सुरुंग उडवू शकतो. टोकाला काही कठीण लागलं की हात थांबवायचा, कडेची माती बोटांनी सारायची आणि खाली आणखी काही दडवलंय का ते चाचपायचं. मग पुढची वीतभर जमीन. हे समजलं की रस्ता साफ केल्याच्या एका ओळीत किती जणांचा जीव मुठीत होता, ते कळतं.

सॅपरचं यश म्हणजे मागून येणारा ट्रक धडपणे पुढे जाणं. त्याचं वेगळं पदक नसतं. ते यश वाचून काढणं नातवंडांच्या हाती आहे. म्हणून घरात कुणाला कंपनीचा नंबर आठवतोय तोवर तो आजच लिहून घ्या.