न सापडलेली डबी

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-संकेतांतील मुद्दाम राखलेली अस्पष्टता काढून टाकली आणि लगोलग ऑरेगन राज्यात एकाने रानात बादली दडवून ‘जिओकॅशिंग’ हा शोधखेळ सुरू केला. मलाही तो छंद जडला. यंत्र काही मीटरांपर्यंत नेते. पुढे शोधायचे ते डोळ्यांनीच.

परवा तीन तास दगडकपारी धुंडाळल्या. डबी मिळाली नाही. अपयशाची नोंद करायलाही मन धजेना. परंतु ‘सापडली नाही’ ही नोंद वाचूनच डबी ठेवणारा ती जागेवर आहे का, हे पाहून येतो.

धर्मग्रामातील एका दुरावलेल्या कुटुंबाचे दार दोनदा उघडले नाही, म्हणून मी तिकडे जाणे सोडले होते; कोणाजवळ बोललोही नव्हतो. त्या रात्री प्रभूपुढे प्रांजळपणे नोंद केली : ‘सापडले नाहीत.’ सकाळी तिसऱ्यांदा निघालो.