काठावरची माणसे

मराठी भाषेने काठावरच्या माणसाला फारसा मान दिलेला नाही. स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला पोहण्याचे धडे देणारा, अशीच त्याची प्रतिमा आहे. तथापि मुलांच्या जलतरण स्पर्धेचा सारा डोलारा या काठावरच्याच माणसांवर उभा असतो, हे जबलपूरच्या विजय नगरात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना पुरते ठाऊक आहे. उन्हाळ्यातल्या स्पर्धेला आठवडा उरला, की ते आपल्या खोलीत कामांच्या वाटणीचा तक्ता आखायला बसतात.

त्यांची सारी नोकरी तोफगाड्यांच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. जबलपूरचा हा कारखाना 1904 पासूनचा. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्या काळात नोकरीनिमित्त इकडे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी त्यांचे एक. ते पोहायला शिकले ग्वारीघाटावर, नर्मदेत. तिथे लेन नव्हत्या, घड्याळे नव्हती. काठावर धोतरे सांभाळत बसलेली वडीलधारी माणसे तेवढी होती, आणि त्यांचे काम एकच: पाण्यात गेलेली डोकी मोजायची आणि बाहेर आलेली पुन्हा मोजायची. तक्त्यातली पहिली ओळ म्हणूनच आजही जीवरक्षकांची असते. मग मुलांना शर्यतीच्या क्रमाने उभे करणारे, इशारा देणारा, शैली आणि वळण पाहणारे पंच, निकाल लिहिणारे, पाणी आणि सरबत पुरवणारे. तक्ता हिंदीत, कारण बहुतेक स्वयंसेवक हिंदी भाषक. समासातली टिपणे मात्र मराठीत.

सर्वांत मोठा रकाना वेळ घेणाऱ्यांचा. नियम असा, की प्रत्येक लेनवर तीन घड्याळे असावीत. तिन्ही वेळा निराळ्या आल्या तर मधली धरायची. दोन सारख्या असतील तर तीच ग्राह्य. सहा लेन म्हणजे अठरा माणसे. स्पर्धेला येणाऱ्या पालकांतूनच ती उभी करायची आणि आदल्या संध्याकाळी तासभर शिकवायची. लहानग्यांच्या 25 मीटरच्या शर्यतीत शेवट समोरच्या टोकाला होतो. म्हणून शिट्टी ऐकून नव्हे, खाली येणारा झेंडा पाहून घड्याळ सुरू करावे. तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचे सुमारे सात शतांश लागतात, आणि एवढ्या फरकावर पोरांची पदके ठरतात. शेवटच्या क्षणी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहू नये, भिंतीकडे पाहावे.

या शिकवणीच्या वेळी ते रोमची हकिगत आवर्जून सांगतात. 1960 च्या ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत 55.2 सेकंद होते. लार्सनच्या घड्याळांत 55.0, 55.1 आणि 55.1. पण क्रमांक ठरवण्याचा अधिकार डोळ्यांना होता, घड्याळांना नव्हे. पंचांत मतभेद झाला, मुख्य पंचाने डेव्हिटच्या बाजूने कौल दिला आणि लार्सनची वेळ कागदोपत्री 55.2 करण्यात आली. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये स्पर्शाने वेळ नोंदवणाऱ्या पट्ट्या भिंतीवर आल्या. गल्लीपातळीच्या स्पर्धेला ते वैभव कुठले? तिथे अजून अंगठाच न्याय करतो.

तक्त्यातला त्यांचा एक नियम मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. आई किंवा बाप आपल्या मुलाच्या लेनवर घड्याळ धरणार नाही. यावरून दरवर्षी कुरबुर होते. "काका, माझी मुलगी तिसऱ्या लेनमध्ये आहे, मला तिसरीच द्या. जवळून पाहता तरी येईल," असे कोणीतरी म्हणतेच. "पाहायचं असेल तर वर बाकावर बसा. काम करायचं असेल तर पाचवी लेन रिकामी आहे," हे त्यांचे ठरलेले उत्तर. ते सौम्य असते, पण बदलत नाही.

या नियमामागची गोष्ट त्यांनी कधी चारचौघांत सांगितली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत माणसे कमी पडली होती, लेनगणिक एकच घड्याळ होते, आणि मुलाच्या लेनवर तेच उभे होते. मुलगा भिंतीला लागण्यापूर्वीच त्यांचा अंगठा खाली गेला. लबाडी मनात नव्हती. इच्छेने हाताला किंचित आधी हलवले, इतकेच. पहिला क्रमांक मुलाला मिळाला. शेजारच्या लेनमधला मुलगा काही न बोलता अंग पुसत राहिला. आयुष्यभर मिलिमीटरच्या भागांवरून माल परत पाठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताचे ते माप कळले होते. पण निकाल जाहीर झाला तेव्हा ते गप्प राहिले. घरी येताना मुलाने सायकलवर मागे बसून विचारले, "बाबा, तो माझ्या आधी पोचला होता ना?" त्यांनी उत्तर दिले नाही. ते पदक घरात कुणी भिंतीवर लावले नाही.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. या उन्हाळ्यात तो पुण्याहून कुटुंबासह आला, आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचे नाव 25 मीटरच्या शर्यतीत चौथ्या लेनवर लागले. आदल्या रात्री तक्ता पुरा होत असताना त्याने विचारले, "बाबा, माझं काम?" वृद्धांनी दुसऱ्या लेनच्या रकान्यात तिसऱ्या घड्याळापुढे त्याचे नाव लिहिले. त्याने तक्ता हातात घेऊन वाचला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी झेंडा खाली आला. काठावर अठरा माणसे भिंतीकडे डोळे लावून वाकली. चौथ्या लेनच्या बाजूने मोठा गलका उठला, तरी त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या लेनमधल्या अनोळखी मुलाची बोटे भिंतीला लागली, तेव्हा त्याने घड्याळ थांबवले आणि आकडा नीट वाचून कागदावर उतरवला. त्याच्या शेजारच्या दोघांच्या वेळा त्याच्या दोन्ही बाजूंना पडल्या होत्या. ग्राह्य धरली गेली ती त्याचीच.

मग तो मुलीकडे गेला. ती टॉवेल गुंडाळून बसली होती.

"कितवी आलीस गं?" त्याने विचारले.

"तुम्ही पाहिलं नाही, बाबा?"

"नाही. तू सांग."

तिने पहिल्या फलाटीपासून शेवटपर्यंत सगळी शर्यत सांगितली. निकालाच्या टेबलामागे बसलेले आजोबा लेखणी थांबवून ऐकत होते.