सतरंज्या उचलणाऱ्यांची बाजू

पक्षाने तरुणांना तिकीट द्यावं, जुन्यांनी गुमान बाजूला व्हावं, आणि तिकीट कापलं गेलं म्हणून कुणी बंडखोरी करू नये, असं मी अनेक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. मी गोंदियाजवळच्या कामठ्यातला कमळाचा साधा कार्यकर्ता. भिंती रंगवल्या, मतदारयाद्यांवर खुणा केल्या, सभा संपली की सतरंज्या झटकून घड्या घातल्या. आज यातलं पहिलं मत अर्धं उरलंय आणि शेवटचं पार गेलंय.

2014 ची लोकसभा. नंदुरबारहून माणिकराव गावित नऊ वेळा निवडून गेलेले. त्यांच्यासमोर भाजपने डॉ. हिना गावित यांना उतरवलं, वय 26. वडील विजयकुमार गावित तेव्हा राष्ट्रवादीचे, राज्यात मंत्री. बाप आघाडी सरकारात आणि लेक भाजपची उमेदवार! गदारोळ झाला, वडिलांचं मंत्रिपद गेलं, आणि लेक लाखावर मतांनी जिंकून दिल्लीला पोचली. मी इथे, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चौकात बसून तिची तरफदारी करत होतो. वय बघा, शिक्षण बघा, काँग्रेसचा गड पाडला ते बघा. घराणेशाहीवरून काँग्रेसला उठता-बसता शिव्या घालणाऱ्या मला तिथलं घराणं काही दिसलं नाही. कामठा तर जमीनदारीचं गाव. सत्ता घरातल्या घरात कशी फिरते हे आम्हाला वेगळं शिकवायला नको.

त्याच नंदुरबारात 2009 मध्ये भाजपकडून डॉ. सुहास नटावदकर लढले होते आणि हरले होते. जिंकायची आशा नसते तेव्हा पक्षाला जुना माणूस आठवतो. वारं फिरलं तेव्हा तिकीट दुसऱ्याच्या घरात गेलं. 2019 ला नटावदकर हिनाताईंविरुद्ध अपक्ष उभे राहिले. ती बातमी वाचून मी म्हणालो होतो, या वयात कशाला ही हौस?

पाच-सहा महिन्यांत तीच वेळ आमच्या दारात आली. गोंदियाचे काँग्रेसचे आमदार गोपालदास अग्रवाल विधानसभेच्या तोंडावर भाजपमध्ये आले आणि कमळाचं तिकीटही त्यांनाच मिळालं. 2014 मध्ये त्यांच्याविरुद्ध कमळावर लढून हरलेले विनोद अग्रवाल अपक्ष उभे राहिले. ज्या माणसाला पाडा म्हणून मी पाच वर्षांपूर्वी दारोदार फिरलो, त्यालाच निवडून द्या म्हणून आता फिरायचं. फिरलो. वरून आदेश होता.

21 ऑक्टोबरला मतदान. धान कापणीला आलेलं, लोक घाईत. मी बूथबाहेर टेबलावर यादी घेऊन बसलेलो. माझ्याबरोबर सतरंज्या उचलणारा एक जण चिठ्ठी घ्यायला आला. नाव शोधून देताना मी सवयीने म्हणालो, "भाऊ, कमळ." तो हसला आणि म्हणाला, "सर, कमळ तर आपलंच हाय. पण देठ कोनाचा हाय ते सांगा ना." मागच्या रांगेत हशा पिकला. मला उत्तर सुचलं नाही. निकाल लागला, विनोद अग्रवाल 27 हजारांवर मतांनी आले. त्या रात्री मला दुःख झालं नाही, आणि याचंच नवल वाटत राहिलं.

पुढे गंमत वाढत गेली. 2024 ला हेच दोघे पुन्हा समोरासमोर, फक्त चिन्हं बदललेली: विनोद अग्रवाल कमळावर, गोपालदास अग्रवाल परत पंजावर. ज्याला बंडखोर म्हटलं तोच अधिकृत झाला. शिस्त मोडली म्हणून मी ज्यांच्याशी बोलणं टाकलं होतं ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

तिकडे त्याच वर्षी हिना गावित लोकसभेला काँग्रेसच्या गोवाल पाडवींकडून दीड लाखावर मतांनी हरल्या. विधानसभेला अक्कलकुव्याची जागा शिंदेसेनेकडे गेली, तेव्हा भाजपचा राजीनामा देऊन त्या अपक्ष लढल्या. वडील मात्र नंदुरबारमधून कमळावरच. बाप एकीकडे, लेक दुसरीकडे, दहा वर्षांनी पुन्हा तेच. शिंदेसेनेचे आमश्या पाडवी जिंकले, हिनाताई तिसऱ्या आल्या. एकेकाळी जी तक्रार नटावदकरांची होती, तीच आता हिनाताईंची झाली. या वेळी मला कुणाचाच राग आला नाही. मतं मात्र त्यांनी बरीच घेतली, कमळ नसताना घेतली, आणि 2014 च्या विजयापेक्षा मला याचंच अधिक अप्रूप वाटलं.

निष्ठा हवीच, पण ती दोन्ही बाजूंनी हवी. पक्ष स्वतःची रांग मोडून कुणालाही पुढे घुसवणार असेल, तर मागे उभ्या असलेल्याला रांगेची शिस्त शिकवायला मी आता जाणार नाही. उमेदवार ठरवताना निदान त्या मतदारसंघातल्या सदस्यांचं मत घ्यावं, असं मी बैठकीत दोनदा बोललो. दोन्ही वेळा चहा आला आणि विषय पुढे गेला. (चहा वेळेवर आणण्यात आमचं संघटन वाखाणण्यासारखं आहे.) मी पक्ष सोडलेला नाही, सोडणारही नाही. विचार पटतो म्हणून आलो होतो, अजूनही पटतो. आमच्या कामठ्याच्या चिमणा पटेलांनी 1818 मध्ये बंड केलं त्याचा अभिमान सांगायचा आणि आजच्या बंडखोराला गद्दार म्हणायचं, एवढं मात्र आता जमत नाही.

आता गावातली पोरं विचारायला येतात, सर, तिकीट मिळेल का? पूर्वी सांगायचो, काम करत राहा, पक्ष बघतो. आता सांगतो, काम कर, तिकीट माग. नाही दिलं तर विधानसभेची अनामत 10 हजार रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीतला असशील तर 5 हजार. तेवढे बाजूला काढून ठेव.