साठ मिनिटांचा राजपुत्र

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्याचा मोबाईल आम्हांस जप्त करावा लागला. बाकाखालीं तो कसलासा खेळ खेळत होता. नियमाप्रमाणें मोबाईल कपाटांत ठेविला आणि पालकांस निरोप पाठविला. मुलगा स्वभावानें गरीब. मान खालीं घालून त्यानें विचारिलें, "सर, तुम्ही लहानपणीं खेळत नव्हतां कां?" प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. "आमच्या वेळीं मोबाईल नव्हते," एवढें बोलून आम्हीं वेळ मारून नेली. तें खरें होतें, परंतु तें त्याच्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. खऱ्या उत्तरास ह्या वार्षिकाचीं दोन-तीन पानें लागतील असें वाटल्यावरून संपादकांकडून तीं मागून घेतलीं आहेत.

जिल्ह्यांतील ज्या शाळेंत आम्ही शिकलों, तेथें १९९५ च्या जून महिन्यांत दोन संगणक आले. त्यांच्यासाठीं एक खोली रंगवून काढली, खिडक्यांस जाड पडदे लाविले, आणि दाराबाहेर पादत्राणें काढून ठेवण्याची आज्ञा झाली. यंत्रांवर शिंप्याकडून शिवून घेतलेलीं अभ्र्यासारखीं आच्छादनें होतीं. हात धुतल्यावांचून कोणासहि कळांना स्पर्श करण्याची मुभा नसे. सोवळें म्हणजे काय, हें आम्हां ख्रिस्ती मुलांस त्या खोलींत कळलें! दोहोंपैकीं एका यंत्रावर आमचा तास होई. दुसऱ्यावर दुपारीं कार्यालयांतील कारकून फीचा हिशेब ठेवीत, व ते नसतां तेंहि आमच्या वांट्यास येई.

आजच्या मुलांस त्या यंत्राची कल्पना येणें कठीण आहे. पडदा काळा, त्यावर 'सी' हें इंग्रजी अक्षर आणि त्यापुढें उघडझांप करणारी एक लहानशी रेघ. चित्रें नाहींत, बोटानें सरकविण्याजोगें कांहीं नाहीं. डॉस नांवाची जी व्यवस्था मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९८१ सालीं आय.बी.एम.च्या यंत्राबरोबर दिली, तिला जें सांगावयाचें तें अक्षर न चुकतां लिहून सांगावें लागे. एक टिंब चुकलें तरी ती सरळ नकार देई. आमचें इंग्रजी शुद्धलेखन जें थोडेंबहुत सुधारलें, त्याचें श्रेय आमच्या शिक्षकांइतकेंच त्या हट्टी यंत्रासहि आहे.

आणि ह्याच काळ्या पडद्यावर खेळ चालत. डेव्ह नांवाचा एक टोपीवाला होता. तो हिरेमाणकें वेंचीत जाई आणि चषक हातीं आल्यावांचून त्याचें दार उघडत नसे. जॉन रोमेरो ह्या अमेरिकन तरुणानें रचिलेला हा खेळ भारतांतील कितीतरी शाळांच्या यंत्रांवर कसा पोंचला कोण जाणे! आकाशांतून छत्र्या घेऊन उतरणारे शिपाई तोफेनें टिपावयाचा पॅराट्रूपर हा त्याहून जुना, १९८२ सालचा. परंतु आमचें चित्त जडलें तें 'प्रिन्स ऑफ पर्शिया'वर.

त्याचा कर्ता जॉर्डन मेक्नर. त्यानें १९८५ सालीं आपल्या धाकट्या भावास पांढरे कपडे घालून धांवावयास व उड्या मारावयास लाविलें, त्याचें चित्रण केलें, आणि एक एक चित्र गिरवून त्यावरून राजपुत्र घडविला. संगीत त्याच्या वडिलांचें. खेळ प्रथम १९८९ सालीं ॲपलच्या यंत्रावर आणि पुढील वर्षीं डॉसवर आला. हें सर्व आम्हांस मागाहून वाचून कळलें. त्या वेळीं एवढेंच दिसे कीं, इतर खेळांतील बाहुलीं सरकतात आणि हा चालतो. धांवतां धांवतां थांबला तर त्याचा तोल जाई. कड्याला लोंबकळला तर त्याचे पाय हलत. उंचावरून पडला कीं जो आवाज होई, त्यानें आमच्याच पोटांत कळ येई.

राजकन्येस सोडविण्यास त्याच्यापाशीं फक्त साठ मिनिटें असत. तळघरें आणि महाल मिळून बारा टप्पे. आम्ही त्यांस लेव्हलच म्हणत असूं. जमिनींतून सुळे वर येत, कात्रीसारखीं पातीं मिटत, पहारेकरी तलवार उपसून उभे राहत. शिफ्टची कळ दाबून पाऊल पाऊल टाकलें तर सुळ्यांतून सुखरूप जातां येई. चवथ्या लेव्हलमध्यें एक आरसा वाट अडवून उभा असे. त्यांतून धांवत उडी घेतली कीं राजपुत्राची छाया दुसऱ्या बाजूनें निसटून जाई. आणि मग ती त्याचें औषध पिऊन टाकी, दार लावून त्यास खालीं पाडी. मेक्नरच्या यंत्रांत नवा शत्रु रेखाटण्याइतकी स्मृति उरली नव्हती, म्हणून त्यानें नायकाच्याच चित्रांतून त्याचा वैरी निर्माण केला. शेवटच्या लेव्हलमध्यें ही छाया तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर वार केला तर जखम राजपुत्रासच होते. तलवार म्यान करून तिच्यांत मिसळून जावें लागतें. ही युक्ति आमच्यापैकीं एकासहि ठाऊक नव्हती, कारण तेथवर कोणी पोंचलाच नव्हता.

खेळणारा एक आणि पाहणारे सात-आठ. नियम असा कीं, राजपुत्र मेला कीं खेळणाऱ्यानें उठावयाचें. राजपुत्रानें उडी घेतली कीं बाकावरील सगळी रांग अर्धी उठे. "थांब, थांब, शिफ्ट दाब!" असा गिल्ला होई आणि मग बाहेर कोणी येत आहे काय हें पाहण्यास एकास दाराशीं पाठवावें लागे. तो बिचारा खेळ न पाहतां केवळ आमच्या आरोळ्यांवरून राजपुत्र कोठें आहे हें ओळखी.

ही फ्लॉपी आम्हीं आणिली होती. आमचा एक मावसभाऊ नागपुरास सीताबर्डीवरील एका दुकानांत कामास होता. त्यानें ती उतरवून दिली. सव्वापांच इंचांची, काळी, लवणारी ती तबकडी, सबंध १.२ मेगाबाइट. आजच्या मोबाईलवरील एखादें छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. कर्त्यास त्यांतील एक पैसाहि मिळाला नाहीं, हेंहि येथें सांगून टाकलेलें बरें. बाहेरची फ्लॉपी आणूं नये अशी पाटी खोलींत होती. आम्ही ती ॲटलासच्या पानांत ठेवून नेत असूं.

नाताळच्या सुटीपूर्वीं एके दिवशीं खेळ रंगांत असतां वीज गेली. आमच्याकडे ती जाणें ही कांहीं बातमी नव्हे. त्या दिवशीं आम्ही हिशेबाच्या यंत्रावर बसलों होतों आणि फ्लॉपी आंत होती. वीज येतांच यंत्रानें आपल्या रिवाजाप्रमाणें प्रथम फ्लॉपी वाचली, इंग्रजींत एका ओळीनें तक्रार केली. आम्हीं ती काढून घेऊन यंत्र पुन्हां चालू केलें. तेवढ्या क्षणांत जें व्हावयाचें तें होऊन गेलें.

५ जानेवारी १९९६, शुक्रवार. कारकुनांनीं सकाळीं यंत्र चालू केलें तों पडद्यावर हुकूम उमटला: 'हॅपी बर्थडे जोशी' असें लिहा. दुसरें कांहीं केल्या यंत्र हलेना. बंद करून चालू केलें, पुन्हां तेंच. मुख्याध्यापक आले, शिक्षक जमले. यंत्रानें सांगितलें तें लिहून पाहावें, हें त्या गर्दींत कोणासहि सुचलें नाहीं. लिहिलें असतें तर तें निमूटपणें चाललें असतें. दुसऱ्या दिवशीं तारीख बदलली आणि यंत्र आपोआप पूर्ववत् झालें. त्यावरून सर्वांनीं असें अनुमान काढिलें कीं, ज्यानें खोडी केली त्यानेंच भिऊन ती काढून घेतली.

आमच्या वर्गांत त्याच आडनांवाचा एक मुलगा होता. संगणकांत हुशार, आणि खेळांत आमच्याहून सरस. यापरता पुरावा कोणी मागितला नाहीं.

वास्तविक तो जोशी व्हायरस होता. १९९० सालीं भारतांत तो प्रथम आढळला आणि फ्लॉप्यांच्या पाठीवर बसून परदेशींहि गेला. दर वर्षीं ५ जानेवारीस तो असा जागा होई. पुढें पुण्याच्या काटकर बंधूंचें क्विक हील घरोघरीं झालें. परंतु आमच्या शाळेनें तेव्हां व्हायरस हा शब्दहि केवळ जीवशास्त्राच्या पुस्तकांत पाहिला होता. त्या मुलाच्या वडिलांस बोलावणें गेलें. ते पोस्टांत नोकरीस होते. अर्धा दिवस रजा काढून आले, हात जोडून उभे राहिले. वार्षिक परीक्षेपर्यंत मुलास संगणकाच्या खोलींत मज्जाव झाला. शुल्क मात्र भरावें लागलें.

फेब्रुवारींत एका लग्नास मावसभाऊ आला. त्याच्या दुकानांतील यंत्रानेंहि त्याच दिवशीं तोच हुकूम काढिला होता, असें तो हंसत सांगूं लागला. तोंवर आमच्या मनांत नुसता संशय होता. त्या पंगतींत बसल्या बसल्या तो खरा ठरला. दर रविवारीं मंदिरांत पापांगीकाराची प्रार्थना आम्ही इतरांबरोबर मोठ्यानें म्हणत असूं. सोमवारीं शाळेंत मुख्याध्यापकांच्या दारावरून जातांना मात्र पाऊल आंत वळत नसे. वडिलांचा मार, वर्गाची नाचक्की, आणि खरें सांगावयाचें तर फ्लॉपी जाण्याचें भय. होय, आमचें खेळणें चालूच होतें.

एवढें मात्र केलें. मधल्या सुटींत त्या मित्राजवळ बसून, काल राजपुत्र कोठवर गेला, तें आम्ही त्यास सांगत असूं. गणिताच्या चौकटींच्या वहींत तळघराचे नकाशे काढून देत असूं: येथें सुळे, येथें दार, हा दगड पाय पडतांच निखळतो. तो लक्ष देऊन ऐके आणि उलट प्रश्न विचारी. आमचा राजपुत्र आठव्या लेव्हलपर्यंत पोंचला, त्यांत त्याच्या सल्ल्याचा वांटा मोठा होता. दहावीनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली आणि भेट तुटली.

मोबाईल जप्त केल्याच्या पुढील महिन्यांत तो भंडाऱ्यास एका नातलगाकडे आला होता. बसस्थानकावर त्यानेंच आम्हांस ओळखिलें. घरीं आणिलें, आणि चहा होण्यापूर्वींच आम्हीं त्यास सर्व सांगितलें. तीस वर्षें मनांत घोळविलेलीं वाक्यें ऐन वेळीं एकहि आठवलीं नाहींत.

तो म्हणाला, "अरे, मला ठाऊक होतें. तुझ्या ॲटलासमध्यें फ्लॉपी पाहिली होती मी."

"मग सांगितलें कां नाहींस?"

"सांगितलें असतें तर ती जप्त झाली असती. मग मला पुढचें कोण सांगणार होतें?"

वडिलांविषयीं मात्र तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबांना मी नंतर सांगितलें. त्यांचा विश्वास बसला कीं नाहीं, कळलें नाहीं." ते आतां हयात नाहींत, आमचे मुख्याध्यापकहि नाहींत. ज्या दोघांपुढें हें बोलावयास हवें होतें, ते दोघेहि गेले. आडनांव छापण्यास त्याची संमति आहे. किंबहुना तें छापावें असा त्याचा आग्रह आहे.

इंटरनेट आर्काइव्ह ह्या अमेरिकेंतील संस्थेनें जानेवारी २०१५ मध्यें डॉसचे सुमारें २४०० खेळ लोकांस खुले केले. त्यांत आमचा राजपुत्रहि आहे. मुलाच्या संगणकावर तो उघडून दिला आणि खुर्ची मित्रापुढें सारली. बोटें चालेनात, पहिल्याच लेव्हलमध्यें तीनदां सुळ्यांत पडला. मेला कीं उठावयाचें, ह्या नियमानें तो उठूं लागला, तों आम्हीं खांद्यावर हात ठेवून त्यास खालीं बसविलें. आमचा मुलगा मागें उभा राहून पाहत होता. थोड्या वेळानें तोहि "शिफ्ट दाबा ना काका!" म्हणून ओरडूं लागला. सहाव्या लेव्हलमध्यें साठ मिनिटें संपलीं. तोंवर चहा दोनदां गरम करावा लागला होता.

पंधरा दिवसांनीं त्याचा निरोप आला: "आठवी झाली. बारावींत काय आहे तें सांगूं नकोस."